तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मक्याच्या गावांत आम्ही काय बघतो

"अगं, पण तिथं बघण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न मला गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विचारतात, भारतातून येणाऱ्या फोनवर विचारतात, आणि परवा भाचीनंही विचारला. ती पहिल्यांदाच अमेरिकेला येते आहे. तिच्या यादीत नायगारा आहे, न्यूयॉर्क आहे, ग्रँड कॅनयन आहे. मी म्हटलं, त्यात दोन दिवस ओडेल आणि ॲटलांटासाठी ठेव. तिला वाटलं विमानतळवाली ॲटलांटा. नाही. ही इलिनॉयमधली, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीची, धान्याच्या कोठाराशेजारची ॲटलांटा.

तर तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. घरापासून तासा-सव्वातासावर जुना रूट ६६ लागतो. १९२६ साली या रस्त्याला हा क्रमांक मिळाला. शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत, आठ राज्यांतून, सुमारे ३,९०० किलोमीटर. त्यातले पहिले तीनेकशे मैल इलिनॉयचे, आणि क्रमांक मिळाला तेव्हा इलिनॉयमधला रस्ता पक्का झालेला होता. नंतर शेजारून इंटरस्टेट ५५ हा नवा महामार्ग आला, गावांना बगल देऊन थेट निघून गेला. १९८५ साली रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकला.

नकाशा उघडलात तर एक गोष्ट लगेच दिसेल. या भागातले रस्ते पाटीवर पट्टीनं रेघा माराव्यात तसे सरळ उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम जातात. हा एकच तिरपा जातो, कारण तो रेल्वेच्या कडेनं आखला गेला. आधी १८५० च्या दशकात रेल्वे आली, स्टेशनाभोवती गावं वसली, धान्याची कोठारं उभी राहिली, आणि मग मोटारी आल्या. आजही ड्वाइट, पॉन्टियाक, लिंकन या गावांत शिकागो-सेंट लुईस गाडी थांबते. २०२३ पासून ती ताशी ११० मैलांनी धावते. जुन्या रस्त्यावर आपली गाडी पंचेचाळीसनं चाललेली असते, शेजारून ती आगगाडी सुसाट निघून जाते, पलीकडे इंटरस्टेटवर ट्रकांची रांग दिसते. तीन काळांचे तीन रस्ते एका खिडकीतून दिसतात, आणि मला तेवढ्यासाठीसुद्धा तिथं जावंसं वाटतं.

पॉन्टियाकच्या पुढं तर रस्त्याच्या शेजारी रस्ताच मरून पडलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रहदारी इतकी वाढली की दोनाचे चार पदर केले. आता चारांची गरज नाही, म्हणून दोन तसेच सोडून दिले आहेत. काँक्रीटच्या सांध्यांमधून गवत आलंय, कुठं कुठं झुडपं आहेत.

पण मला ज्या गावाबद्दल बोलायचंय ते ओडेल. वस्ती हजाराच्या आसपास. तिथं १९३२ सालचा एक पेट्रोल पंप आहे. पंप म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. उतरत्या छपराचं एक छोटं पांढरं घर, त्याच्या पुढं तसंच छप्पर ओढलेलं, त्याखाली गाडी उभी राहायची. १९६० च्या दशकात पेट्रोल विकणं थांबलं, पुढं काही वर्षं गाड्या दुरुस्त होत होत्या, मग तेही बंद पडलं. इमारत पडायला आली होती. इलिनॉयमध्ये १९८९ साली या रस्त्याच्या प्रेमापोटी लोकांनी एक संघटना काढली. त्या संघटनेनं आणि गावानं मिळून हा पंप उभा केला. रंग, छप्पर, पाटी, सगळं जुन्या फोटोंवरून. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक, शनिवार-रविवार येऊन राबणारे.

त्याच गावात चर्चजवळ एक जिना आहे. चार पायऱ्या खाली जातात आणि संपतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कठड्याला धरून खाली वाकून बघितलं. हा काय प्रकार ते कळेना. मग कळलं, १९३७ साली या रस्त्यावर इतक्या गाड्या धावायच्या की शाळेतली पोरं आणि चर्चला जाणारी माणसं रस्ता ओलांडू शकत नव्हती. म्हणून रस्त्याखालून पायी जायला बोगदा केला. हजार वस्तीच्या गावात! आणि दहाएक वर्षांतच गावाबाहेरून चौपदरी रस्ता झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या, बोगद्याचं काम संपलं. आता तो बुजवलाय. मी त्या जिन्यापाशी उभी होते त्या पंधरा-वीस मिनिटांत समोरून एक पिकअप गेला आणि एक मुलगी सायकलवरून गेली. आवाज म्हणाल तर मक्याच्या पानांचा.

ज्या रस्त्यानं गावाला पोसलं, त्याच रस्त्याची आयांना भीती वाटत होती. आणि ती भीती गेली तेव्हा गिऱ्हाईकही गेलं. हे मला कुठल्या संग्रहालयात इतकं स्वच्छ समजलं नसतं.

बाकी गावांचं सांगायचं तर यादी मोठी आहे. विल्मिंग्टनला हिरव्या कपड्यांतला, हातात रॉकेट धरलेला फायबरग्लासचा अंतराळवीर आहे, सुमारे तीस फूट उंच. ज्या खाणावळीसमोर तो साठच्या दशकापासून उभा होता ती बंद पडली, २०२४ मध्ये त्याचा लिलाव झाला. तो गाव सोडून जाणार म्हणून लोक हळहळले, पण जवळच्या जॉलिएटच्या संग्रहालयानं तो विकत घेतला आणि विल्मिंग्टनच्याच बागेत परत उभा केला. ड्वाइटचा पंप १९३३ पासून १९९९ पर्यंत, म्हणजे बरोबर ६६ वर्षं पेट्रोल विकत होता. पॉन्टियाकला नदीवर तीन झुलते पूल आहेत, त्यातला सगळ्यात जुना १८९८ चा. जुन्या अग्निशमन केंद्रात संग्रहालय केलंय, त्यात बॉब वाल्डमायर या चित्रकाराची नारिंगी फोक्सवॅगन व्हॅन ठेवली आहे. हा माणूस आयुष्यभर या रस्त्याचे बारीक रेघांचे नकाशे काढत हिंडला. त्याचे वडील स्प्रिंगफील्डला काडीला लावलेले, मक्याच्या पिठात घोळून तळलेले सॉसेज विकायचे. लिंकन नावाच्या गावात १८५३ साली खुद्द अब्राहम लिंकननं कलिंगडाच्या रसानं गावाचं बारसं केलं. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष नव्हता, रेल्वेचा वकील होता. स्टेशनाजवळ त्या कलिंगडाचं शिल्प आहे.

आता फंक्स ग्रोव्ह. इथं मी जरा रेंगाळणार, कारण माझं माहेर कराडकडचं आहे आणि माझं लहानपण गुऱ्हाळांच्या वासात गेलंय.

फंक कुटुंब १८२४ साली इथं येऊन राहिलं. १८९१ पासून ते मेपलच्या रसाचा पाक करून विकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या दिवसांत झाडांतून रस गळतो, पाण्यासारखा पातळ. चाळीस-पन्नास गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक होतो. मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही गेलो तेव्हा आटवण चालू होती. दार उघडलं आणि वाफेचा लोट अंगावर आला. गरम, गोड, जरासा धुराचा. मी डोळे मिटून घेतले. काहील नव्हती, चुलवाण नव्हतं, स्टीलच्या चकचकीत परातींतून रस फिरत होता. पण फेस वर आला की गडी मळी काढायचा तसाच एक माणूस झाऱ्यानं फेस काढत होता, आणि पाक झाऱ्यावरून कसा ओघळतो ते डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. मी त्याला काकवीबद्दल सांगितलं. ऊस चरकात घालतात, रस दिवसभर उकळतो, गूळ व्हायच्या आधी काकवी काढून ठेवतात. त्यानं झारा खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाला, पुढच्या वेळी बाटली घेऊन या, आपण अदलाबदल करू. या मार्चमध्ये मी खरंच घेऊन गेले.

त्या पाकाच्या बाटलीवर इंग्रजी 'सिरप'चं स्पेलिंगही वेगळं आहे. Syrup मधल्या वायऐवजी आय, म्हणजे Sirup. जुन्या पिढीतल्या हेझल फंक होम्स यांनी ही झाडं विश्वस्तांच्या हवाली करताना जुनंच स्पेलिंग चालू ठेवायला सांगितलं होतं. एका अक्षराची ही आठवण कुणी बदललेली नाही.

सगळंच गोड आहे असं मात्र मी भाचीला सांगणार नाही. या रस्त्यावर सगळ्यांचं सारखं स्वागत नव्हतं. बऱ्याच गावांत काळ्या माणसांना मुक्काम करू देत नसत, काही गावांत अंधार पडायच्या आत निघून जावं लागे. म्हणून व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या पोस्टमननं १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. कुठं झोपायला मिळेल, कुठं जेवायला मिळेल, याची. स्प्रिंगफील्डला, जिथं लिंकनचं घर आणि समाधी आहे, १९०८ साली गोऱ्या जमावानं काळ्यांची घरं जाळली, दोघांना फासावर लटकवलं. २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. लिंकनचं घर बघितलंत तर तिथंही जा. आम्ही सावळी माणसं आज या गावांत बिनधास्त हिंडतो, पंपावर गप्पा मारतो, मोटेलच्या काउंटरवर गुजराती काकू भेटल्या तर चहासुद्धा मिळतो. ते आयतं आलेलं नाही, एवढं ठाऊक असावं.

आणि माउंट ऑलिव्हला नक्की थांबा. तिथं १९२६ चा एक पंप आहे, पण मी सांगते आहे ते खाणकामगारांच्या स्मशानभूमीबद्दल. १८९८ मध्ये व्हर्डनच्या संपात मारले गेलेले कामगार तिथं आहेत. मदर जोन्स या कामगार पुढारी बाईंनी आपल्यालाही त्यांच्याच शेजारी पुरा असं सांगून ठेवलं होतं. १९३० साली त्या गेल्या आणि तसंच झालं. आम्ही गेलो तेव्हा थडग्यावर कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

आता मूळ प्रश्न.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पुणे-बंगळूर रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं अर्धं कापलेलं पिंप आणि बाहेर खांबाला टांगलेला टायर. रात्री-अपरात्री ट्रकवाले हाक मारायचे आणि अण्णा उठायचे. चौपदरीकरण झालं, नवा रस्ता आमच्या फाट्याला सोडून वरून गेला. वर्षभर अण्णांनी वाट बघितली. मग पत्रे विकले. आज तिथं दुकान होतं असं कुणाला दाखवायचं म्हटलं तर मला जागासुद्धा नक्की सापडणार नाही.

आई आमच्याकडे आली होती तेव्हा तिला ओडेलला नेलं. पंपाच्या आत, मागच्या गॅरेजमध्ये, एक सत्तरीपुढचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. आईनं चपला दाराशी काढल्या. आत जाऊन भिंतीवरच्या एकेका हत्यारापाशी उभी राहिली. हा पाना, ही टॉमी, हे टायर खोलायचं. नावं बरोबर होती. मला म्हणाली, यांना विचार, पगार मिळतो का. मी विचारलं. ते म्हणाले, नाही, मी शेतकरी, आता पोरगा शेती बघतो, मी आठवड्यातून दोन दिवस इथं येतो. आईला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एक घेतली, उभ्यानंच खाल्ली, दुसरी मागितली.

तिथल्या वहीत आईनं नाव लिहिलं, देवनागरीत. पत्त्याच्या रकान्यात तिनं अण्णांच्या दुकानाचं नाव घातलं.

आता ती गावी आहे. दर वर्षी आमच्याकडचा बर्फ वितळला की तिचा फोन येतो आणि पोरांची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्या आजोबांनी यंदा दुकान उघडलं का गं? मागच्या रविवारीही विचारलं. म्हणून येत्या शनिवारी आम्ही ओडेलला जातो आहोत. गाडीत दोन जागा आहेत.