इथे वारा नसतो, असं मी सांगत आले

"दादरला राहतेस, चौपाटी दोन मिनिटांवर, आणि तुझा तो काइट माळ्यावर. असं का गं?" हा प्रश्न मला लग्नांत, हळदीकुंकवात आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारून झालाय. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात पहिल्यांदाच काइटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायच्या, शर्यती झाल्या. तेव्हापासून ज्यांना या प्रकाराचं नावही माहीत नव्हतं तेही विचारतात. मागोमाग पुरवणी असतेच: "मग आमच्या चिन्मयला शिकव की सुट्टीत."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण आजवर काय सांगत आले, ते आधी.

पहिलं उत्तर, इथे वारा नसतो. हे धादांत खोटं. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेत. एप्रिलात दुपारी दोननंतर आमच्या गॅलरीतल्या चादरी चिमट्यांसकट खालच्या मजल्यावर जातात, आणि त्या आणायला मीच जाते.

दुसरं, भरती-ओहोटी. हे मात्र खरं. ऑस्ट्रेलियात पर्थला, जिथे मी नोकरीला होते, भरती आणि ओहोटीत मीटरभरही फरक नसतो, आणि बहुतेक दिवशी भरती एकदाच. इथे उधाणाला चार मीटरच्या वर, तेही दिवसातून दोनदा. काइट फुगवून दोऱ्या लावेपर्यंत उभं राहायला वाळू उरेल याचा भरवसा नाही.

तिसरं, गर्दी. काइटला चार दोऱ्या, प्रत्येक बावीस-चोवीस मीटरची, वाऱ्यात ताणली की सुरीच. संक्रांतीच्या मांज्याने पुलावर स्कूटरवाल्यांचे गळे कापले जातात हे वाचता ना? मग जुहूला रविवारी संध्याकाळी माझ्या दोऱ्या डोळ्यांसमोर आणा.

यावर एखादा हुशार म्हणतो, मग रामेश्वरमला जा, तिकडे काइटवाले असतात. असतात, मान्य. त्याला मी रजा नाही म्हणून सांगते.

यातली बरीचशी कारणं खरी आहेत. खरी कारणं हाताशी असली की खोटं बोलायला फारसे कष्ट पडत नाहीत.

दुसराही एक टोमणा असतो, त्याचंही घ्या: "एवढं शिकून परदेशात गेलीस ती पतंग उडवायला?" हो. आठवडाभर खाणकंपनीच्या हिशेबांत डोकं घालून शुक्रवारी चारला मी आणि आणखी दोघंतिघं जुन्या कोरोलात बसायचो आणि उत्तरेला सुटायचो. लॅन्सेलिन सव्वाशे किलोमीटर, पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या. तिथून सर्व्हान्टिसपर्यंत समुद्राच्या कडेने 2010 मध्ये झालेला रस्ता, मध्ये पिनॅकल्सचे पिवळे दगडी सुळके, वारुळांसारखे. एस्कीत, म्हणजे थंड ठेवायच्या पेटीत, बर्फ, दही, दशम्या. अंधार पडायच्या आत पोचायचं, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. सीटमध्ये, कानात, चिवड्याच्या डब्यात वाळू. उन्हाळ्यात दुपारी नैर्ऋत्येकडून समुद्रावरचा गार वारा येतो, त्याला तिथली माणसं फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उकाड्यावरचा डॉक्टर म्हणून. आणि सूर्य समुद्रातच बुडतो, दादरसारखा. महासागरही आपलाच, हिंदी. आईला फोनवर मी सांगायचे, त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. ती म्हणायची, टोकाला कशाला जातेस, अलीकडे उभी राहा.

आता 2018 चा जानेवारी. 26 तारखेला त्यांचा ऑस्ट्रेलिया डे, शुक्रवार आला होता, म्हणजे सलग तीन दिवस. आम्ही जेराल्डटनला गेलो, पर्थपासून सव्वाचारशे किलोमीटर. बरोबर आमचा नागपूरकर. सव्वीस वर्षांचा, मला ताई म्हणणारा, दोन महिन्यांपूर्वीच शिकलेला आणि तितकाच वेडा झालेला. "ताई, वारा काय मस्त येऊन राहिला!" गाडीतून उतरायच्या आधीच.

वारा मस्त नव्हता, जास्त होता. पंचवीस नॉट, म्हणजे ताशी सेहेचाळीस किलोमीटर. किनाऱ्यावर सगळे सात चौरस मीटरच्या काइटवर. त्याच्याकडे एकच, जुना घेतलेला दहाचा. मी म्हटलं, मोठा होईल. तो म्हणाला, जमते. मी पुन्हा म्हटलं नाही. माझा सातचा आधीच फुगवून, वर वाळू टाकून ठेवला होता आणि पाणी मला दिसत होतं. याला एकदा सोडला की मी मोकळी. नंतर जे झालं ते या घाईतलं आहे, हे आधीच सांगून टाकते.

काइट सोडायला दोन माणसं लागतात. लहानपणी गच्चीत एकजण पतंग दोन्ही हातांनी धरून लांब उभा राहायचा आणि दुसऱ्याने मांजा ताणला की वर सोडायचा. आम्ही त्याला छुट्टी देणं म्हणायचो. इथेही तेच. धरणाऱ्याने काइट आडव्या कडेवर उभा धरायचा, कन्नी आणि चारही दोऱ्या नजरेखालून घालायच्या. उडवणारा मागे सरकून दोऱ्या ताणतो, अंगठा वर करतो, मग हात सोडायचा. फेकायचा नाही, नुसता सोडायचा.

मी धरला होता. मागची एक दोरी खालच्या पंखाच्या टोकाखालून गेली होती, एक वेढा पडला होता. पांढरी दोरी, निळ्या कापडावर. मला दिसली. दिसली नव्हती असं मी नंतर हॉस्पिटलात सांगितलं, घरी सांगितलं, आमच्या कंपूत सांगितलं. दिसली होती. असा वेढा वर जाताना आपोआप सुटतो, माझा पाच-सहा वेळा सुटला होता. त्याने अंगठा वर केला. मी हात सोडला.

काइट वर गेला, एका कुशीवर वळला आणि गरगर फिरायला लागला. वेढा बसलेला काइट असाच फिरतो आणि दर फेरीला हिसका देतो. आता घाबरलेला माणूस काय करतो? हातात असेल ते घट्ट धरून स्वतःकडे ओढतो. बार, म्हणजे हातातला दांडा, ओढला की काइट आणखी ताकद घेतो. छातीसमोर लाल मूठ असते, ती पुढे ढकलली की सगळं सुटतं. सोडून द्यायचं, एवढंच करायचं असतं. वर्गात दहादा करून घेतात. तरी त्या क्षणी हात ऐकत नाही. मी ओरडत होते, "सोड! सोड!" मराठीत. आजूबाजूचे काय म्हणत असतील कोण जाणे. वाऱ्यात त्यालाही ते ऐकू गेलं नाही. वीस-पंचवीस पावलं तो वाळूवरून फरफटत गेला आणि गाड्यांच्या जागेभोवतालच्या लाकडी खुंटावर डाव्या खांद्याने आपटला. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा धावत जाऊन जमिनीवर आलेल्या काइटवर आडवा पडला, म्हणून पुढचं टळलं.

गळपट्टीचं हाड आणि मनगट. प्लेट घातली. संध्याकाळी मी खाटेजवळ बसले होते तेव्हा तो म्हणाला, "माझीच चूक ताई. मीच अंगठा दाखवला." मी त्याच्या पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घातली. बोलले काहीच नाही. बोलायला तिथे भरपूर वेळ होता.

रात्री आईचा फोन. "तुझी काही चूक नव्हती ना गं?" नाही म्हटलं.

2018 ची मी आत्ता समोर असती तर भांडली असती. ती म्हणेल, अंगठा त्याचा, काइट त्याचा, दहाचा घेऊन उतरायचा हट्टही त्याचा, लाल मूठ त्याच्या छातीवर होती. सगळं बरोबर. मी म्हणेन, दोरी तुला दिसली होती. ती म्हणेल, पाच वेळा सुटली होती. मी म्हणेन, तुला पाण्यात जायचं होतं. यावर ती काही बोलेल असं वाटत नाही, पण गप्प राहणं म्हणजे कबूल करणं नव्हे. माझ्या गप्प राहण्यावरून मला ते चांगलं माहीत आहे.

त्यानंतर वर्षभर मी तिथेच होते आणि काइटवर जातही होते, हेसुद्धा सांगायला हवं. त्या धक्क्याने सोडलं म्हणाल तर ते चूक. पाण्यात मला भीती वाटत नव्हती. फक्त कुणी "जरा धरता का?" म्हणालं की मी पंप शोधायला गाडीकडे जायचे. 2019 ला परत आले ती बाबांच्या गुडघ्यांसाठी, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

आणि नागपूरकर? तो अजून पर्थलाच आहे, प्लेटसकट उड्या मारतो. दर डिसेंबरात लॅन्सेलिनचा व्हिडिओ येतो, खाली एक ओळ: "ताई, या ना." मी अंगठा पाठवते. मोबाईलवर दुसरं सोपं काही नाही.

हे तो वाचेल. त्याला फोन करून आधी सांगायला हवं होतं हे मला कळतं. चिन्मयची आईही वाचेल, आणि तिला आता उत्तर मिळालं असेल. तरी ती म्हणेल, अगं, तू तर आता जास्तच काळजी घेशील. कदाचित घेईन. पण घेतली होती असं तेव्हाही वाटलं होतं.

माळ्यावरची पिशवी मी दर मे महिन्यात काढते. एका बाजूला जास्त ताणल्या गेल्या की दोऱ्या लांबीला कमीजास्त होतात, म्हणून त्या मोजाव्या लागतात. आमची चाळ लांब आहे, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चारही मावतात. शेजारच्या काकू साडी उचलून वरून पाय टाकतात आणि "हे अजून आहे का?" विचारतात. यंदा सहावीतला एक मुलगा दुसरं टोक धरून उभा होता, फारच गंभीरपणे.

"सोडू का?" त्याने तिकडून विचारलं.

"थांब," म्हटलं, आणि चालत त्याच्यापर्यंत गेले. चारही दोऱ्या बघितल्या. डाव्या मागच्या दोरीला बोटभर फरक निघाला.