आमची वाटचाल : चार मशिनी आणि दीड इंच माया

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, त्याआधीची आमच्या शिंपीकामाच्या दुकानाची वर्षं धड गेली. धड गेलेल्या वर्षांचं काय सांगायचं? पाणी ओसरलं तेव्हा चारही मशिनी चिखलात आणि गणपती जेमतेम सात आठवड्यांवर.

पुरातली मशीन हाती आली की चाक फिरवून बघायचा मोह होतो. फिरवू नका. आतली रेती शटलला (टाका घालणाऱ्या खालच्या भागाला) ओरबाडते, मग दोऱ्याचा ताण कितीही बदला, टाका सुटतोच. आधी स्वच्छ पाण्याने चिखल काढायचा. मग शटल, बॉबिन केस, दातपट्टी सुटी करून रॉकेलात टाकायची (आम्हाला मिळालं नाही, डिझेलवर भागवलं). नंतर कोरडी पुसून पंख्याखाली, आणि चार दिवस रोज मशीन ऑइल. मोटर वायंडिंगवाल्याकडे. तीन मशिनी उठल्या. ओव्हरलॉकचे, म्हणजे कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनचे, लूपर गंजले, ती गेली.

गिऱ्हाइकांचं कापड साध्या गार पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत. ब्लीच नाही. तांबड्या मातीतल्या लोहाचा डाग ब्लीचने उलट पक्का बसतो.

आम्ही चिखल धूत होतो तेव्हा समोर रेडीमेडचं दुकान सजत होतं. हजारात तीन शर्ट. चाकरमानी आले ते पिशव्या घेऊन, आणि त्याच पिशव्या आठवड्याने आमच्या फळीवर : उंची कमी करा, कंबर सोडा. वर "नवीन आहे हां, जपून कापा." आम्ही काय कोयत्याने कापतो?

पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. ट्रायल रूममधून बाहेर पडलेला माणूस पॅण्टला नावं ठेवत नाही, स्वतःला ठेवतो. "पोट सुटलंय हो." अहो, पॅण्टवर 34 लिहिलंय, टेप लावा, कधी 35 भरते, कधी 36. आकडा लहान वाचून गिऱ्हाईक खूश होतं म्हणून तो तसा छापतात. फॉर्मल शर्टच्या कॉलरवरचे 39, 40, 42 तर गळ्याचे, तेही सेंटीमीटरमधले. लोक ते छातीचे इंच समजून मनाला लावून घेतात.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. अंगाला नीट बसणारी घरातली पॅण्ट सपाट ठेवून कंबर मोजा, दुप्पट करा, तोच तुमचा खरा आकडा. दुकानात पॅण्ट उलटी करून मागची शिवण बघा. तिथे अर्धा इंचसुद्धा माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) नसेल तर पुढच्या वर्षी ती सोडवता येणार नाही, दुसरी घ्यावी लागेल. आम्ही मागे प्रत्येक बाजूला दीड इंच माया ठेवतो. दोन्ही बाजू मिळून कंबर दोन इंच आरामात वाढते. 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड सव्वा मीटर घ्या, माया त्यातच निघते.

एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे सुरुवातीपासून शिवतात. त्यांची करडी टेरीकॉटची पॅण्ट पुरातही दुकानातच होती. तीनदा उसवून सोडवली, मागे जुन्या टाक्यांच्या तीन रेघा दिसतात. परवा परत घेऊन आले. माया संपली होती. मागे पट्टीचा जोड द्यावा लागेल, म्हटलं, थोडा दिसेल. "दिसू दे की," म्हणाले, आणि टेपसाठी हात वर करून उभे राहिले.