संस्थापकाची शिदोरी

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा नोंदवणारे एक सॉफ्टवेअर तयार केले होते. तिघेही प्रोग्रामर होतो आणि गाठीशी साधारण वर्षभर पुरेल इतकी बचत होती. अकरा महिने खपून ते आम्ही पहिल्या दवाखान्यात बसवले. आठवड्याने तिथे गेलो, तर स्वागतकक्षातल्या बाईंनी संगणकावर आमचा पडदा उघडा ठेवला होता खरा, पण नोंदी मात्र त्या शेजारच्या वहीत पेन्सिलीने करत होत्या. काही नावांपुढे त्यांनी लहानसे वर्तुळ काढले होते. ते कशासाठी, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हे आजोबा एकदा आत गेले की अर्धा तास बाहेर येत नाहीत. त्यांच्यामागचा नंबर जरा लांबचाच द्यावा लागतो." आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रुग्णाला सरसकट पंधरा मिनिटे दिलेली होती.

नव्या उद्योगातल्या नावीन्याची चर्चा निघाली की मला ते वर्तुळ आठवते. संस्थापकाकडे साधने किती आहेत यावर तो किती नवे करू शकेल हे ठरते, असे आपण सहसा धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. साधनांमुळे नावीन्याचे प्रमाण ठरते त्यापेक्षा त्याची दिशा अधिक ठरते, कारण संस्थापकाला मुळात कोणता प्रश्न दिसणार हेच त्याच्या शिदोरीवर अवलंबून असते.

याचा मला पटलेला सर्वांत स्वच्छ पुरावा उद्योजकतेचे अभ्यासक स्कॉट शेन यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्रिमितीय छपाईची एक पद्धत शोधली गेली होती. भुकटीचा पातळ थर पसरायचा, हवा तेवढाच भाग चिकटद्रव्याने बांधायचा आणि असे थरावर थर चढवत वस्तू घडवायची, असे तिचे स्वरूप होते. या एकाच शोधाचा व्यवसायासाठी उपयोग करू पाहणाऱ्या आठ उद्योजक गटांचा शेन यांनी मागोवा घेतला. कोणाला त्यात धातूच्या ओतकामासाठी लागणारे साचे दिसले, कोणाला गाळण्या दिसल्या, कोणाला औषधाच्या गोळ्या, तर कोणाला वास्तुविशारदांसाठी इमारतींच्या प्रतिकृती. शोध सगळ्यांसमोर एकच होता. फरक होता तो ज्याने त्याने आधी कोणत्या क्षेत्रात काम केले होते, कोणत्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या, याचा. दुसऱ्याला जे दिसले ते पहिल्याला सुचलेही नव्हते, आणि आपल्याला काही सुचलेले नाही याची त्याला कल्पना असण्याचेही कारण नव्हते.

ज्ञानाची ही शिदोरी पैशासारखी दिसत नाही, म्हणून यशाच्या कथांतून ती गळून पडते. ह्यूलेट-पॅकर्डचे उदाहरण घ्या. 1939 साली 538 डॉलरच्या भांडवलावर एका गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते, की इच्छा असली तर पैशाचे अडत नाही. पण त्या गॅरेजमधून बाहेर पडलेले पहिले उत्पादन, म्हणजे ध्वनीच्या वारंवारतेच्या विद्युतलहरी निर्माण करणारा ऑसिलेटर, बारकाईने पाहिले तर श्रेय गॅरेजला द्यावेसे वाटत नाही. अशा यंत्रातल्या लहरींची उंची स्थिर ठेवणे ही मोठी डोकेदुखी असे. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी विल्यम ह्यूलेट यांनी विद्युत मंडलात चक्क एक साधा विजेचा छोटा दिवा बसवला. लहरींची उंची वाढली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि त्यामुळे लहरी आपोआप आवरल्या जातात. उंची घटली की याच्या उलट घडते. दिवा स्वस्त होता हे खरे, पण तो तिथे बसवावा हे सुचायला ऋण प्रतिभरणाचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहरींनीच त्यांना आवर घालण्याच्या तंत्राचा, अभ्यास लागतो, आणि तो ह्यूलेट यांनी स्टॅनफर्डमध्ये फ्रेडरिक टर्मन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला होता. या टर्मन यांनीच ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकर्ड या दोघांना कंपनी काढायला प्रोत्साहन दिले. म्हणजे खिशात 538 डॉलर असले, तरी पाठीशी एक प्रयोगशाळा आणि एक जाणते प्राध्यापक होते, आणि हे भांडवल कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही.

तंगी ही नावीन्याची जननी आहे, या समजाबद्दलही मी थोडा साशंक आहे. टेड बेकर आणि रीड नेल्सन यांनी 2005 साली 29 लहान, साधनांची चणचण असलेल्या उद्योगांचा अभ्यास मांडला. त्यातला एक शेतकरी विसरता येत नाही. त्याच्या जमिनीखाली कोळशाच्या बंद पडलेल्या खाणी होत्या आणि त्यांतून मिथेन वायू येत असे. इतरांच्या लेखी ती पीडा होती. त्याने भोक पाडून तो वायू वर आणला, एका डिझेल इंजिनात फेरफार करून ते त्यावर चालवले, वीज तयार करून ती वीज कंपनीला विकली, इंजिनाच्या उष्णतेवर हरितगृह उबदार ठेवून टोमॅटो पिकवले आणि पुढे मासेही पाळले. हाती आहे त्यात भागवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष फारसा कोणी सांगत नाही: जे उद्योग प्रत्येक बाबतीत आणि नेहमीच असे भागवत राहिले ते तिथल्या तिथेच अडकून राहिले, ज्यांनी काही मोजक्या बाबतींतच हा मार्ग धरला आणि बाकीचे काम रीतसर केले, तेच वाढू शकले. जुगाड करणाऱ्याला जुगाडाचेच ग्राहक मिळत जातात, आणि त्यांची मर्जी राखता राखता दुसरे काही करायला उसंत उरत नाही.

आता याची दुसरी बाजू. ज्युसेरो नावाच्या कंपनीने गुंतवणूकदारांकडून सुमारे 12 कोटी डॉलर उभे केले आणि 2016 साली फळे-भाज्यांचा रस काढणारे, इंटरनेटला जोडलेले एक यंत्र 699 डॉलरला बाजारात आणले. कापलेल्या फळांची बंद पिशवी यंत्रात ठेवायची आणि यंत्राने ती प्रचंड दाबाने पिळायची, अशी ही व्यवस्था होती. किंमत पुढे 399 डॉलरवर आणली गेली. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी ती पिशवी नुसती हाताने पिळून पाहिली, तर जवळपास तेवढाच रस, तेवढ्याच वेळात निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. यंत्राची अभियांत्रिकी वाईट होती असे नव्हे. ती गरजेपेक्षा फार चांगली होती. पैसा कमी असता, तर कोणीतरी सुरुवातीलाच, नाइलाजाने, ती पिशवी हातात घेऊन पिळली असती. भरपूर पैशाचा हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो: वास्तवाशी जी गाठ पहिल्या महिन्यात पडायला हवी ती त्यामुळे तीन वर्षांनी पडते.

वेळेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे 5,127 नमुने केले, हा आकडा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्या वर्षांत घर पत्नीच्या कलाशिक्षिकेच्या पगारावर आणि कर्जावर चालत होते, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. ज्याच्या घरात दुसरा पगार येत नाही त्याला दहाव्या नमुन्याशीच थांबावे लागते, आणि मग त्याच्या चिकाटीची कथा कोणी लिहीत नाही.

आमच्या शिदोरीत वर्षभराचा वेळ होता, थोडा पैसा होता आणि तिघांचे मिळून एकच कौशल्य होते. त्यामुळे दिसलेली प्रत्येक अडचण आम्हाला कोड लिहून सुटणारी वाटली. वर्तुळाची गोष्ट कळल्यावर आम्ही 'दीर्घ तपासणी' नावाचा एक रकाना वाढवला आणि त्यासाठी पाच पर्यायांची यादीही केली. बाई वहीतच लिहीत राहिल्या.

त्याच सुमारास एका माणसाला नोकरीवर घेता येईल एवढे पैसे आमच्याकडे शिल्लक होते. मुलाखतीला आलेल्यांपैकी एका मुलीने तीन वर्षे रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर काम केले होते. तिला प्रोग्रामिंग येत नव्हते, म्हणून आम्ही तिला नकार कळवला आणि चौथा प्रोग्रामर घेतला.