सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवताना

पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात आमची 48 सदनिकांची सोसायटी आहे. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, गेटवरचे कॅमेरे, हे सगळं सामाईक मीटरवर चालतं. महिन्याला 2,300 ते 2,500 युनिट वीज लागायची आणि त्याचं बिल मेंटेनन्समधून जायचं. सचिव म्हणून दर महिन्याला तो आकडा माझ्याच हाताखालून जायचा, त्यामुळे तो कमी करायचा विचार डोक्यात होताच.

फेब्रुवारी 2024 मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायला अनुदान देणारी केंद्राची पंतप्रधान सूर्यघर योजना आली. जाहिरातींमध्ये एकच आकडा ठळक होता: 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. स्वतःचं छप्पर असलेल्यांसाठी ते छान आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला वाटतं, हे आपलं नाही. शहरातली निम्मी माणसं तिथेच वर्तमानपत्राचं पान उलटतात. मला नियमावली पूर्ण वाचायची सवय आहे. त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी तरतूद सापडली. सामाईक सोयींसाठी दर किलोवॉटला 18,000 रुपये, घरामागे 3 किलोवॉट धरून कमाल 500 किलोवॉटपर्यंत, आणि त्या सामाईक सोयींमध्ये विजेच्या गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा ई-स्कूटर वाढत होत्या आणि काही जण चक्क खिडकीतून वायर खाली सोडून चार्ज करत होते. दोन्ही प्रश्न एकदम सुटतील असं वाटलं.

शहरात मेट्रो धावते, पीएमपी या शहर बससेवेच्या ई-बस 2019 पासून रस्त्यावर आहेत. ही कामं मोठी आहेत, पण त्यात आपण फक्त तिकीट काढतो. गच्ची मात्र आपल्या ताब्यातली आहे. ती ताब्यातली म्हणजे 48 घरांच्या ताब्यातली, आणि खरं काम तिथेच होतं. तंत्र आणि कागद नंतर सुटत गेले. माणसं पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिल्या सर्वसाधारण सभेत मी हिशोब मांडला. पुण्यात 1 किलोवॉटचं सौर संयंत्र दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, महिन्याला साधारण 120. आमच्या 2,400 युनिटांना 20 किलोवॉट पुरतं. माझं बोलणं संपायच्या आतच सगळ्यात वरच्या मजल्यावरचे काका उभे राहिले. "गच्चीला भोकं पाडणार आणि पावसाळ्यात गळणार माझ्या बेडरूममध्ये. तेव्हा कोण येणार?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आधी एकदा केबलवाल्यांनी ठोकलेल्या खिळ्यांनी त्यांच्या छताला ओल आली होती. मग वाळवणाचा मुद्दा निघाला. एप्रिलमध्ये कुरडया, पापड, सांडगे कुठे घालायचे? कोजागिरीला दूध कुठे आटवायचं? बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल, पण आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांना भेटतात ती गच्चीवरच. ती गेली तर बिल वाचून उपयोग काय, असं एक काकू म्हणाल्या आणि मला ते मनापासून पटलं. ठराव त्या दिवशी झाला नाही.

त्यानंतर आम्ही समितीचे तिघे घरोघरी गेलो. सभेत आवाज चढतो, घरात चहा घेता घेता माणूस नीट ऐकतो आणि नीट सांगतोही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक परगावी, काही परदेशात. त्यांचा प्रश्न सरळ होता: "आम्ही तिथे राहत नाही, आम्ही पैसे का घालायचे?" त्यांना उत्तरही सरळ दिलं. बिल मेंटेनन्समधून जातं, मेंटेनन्स तुम्ही भरता. वाळवण आणि कोजागिरीसाठी उंच सांगाड्याचा पर्याय पुढे आला. पॅनेल जमिनीलगत न बसवता साधारण आठ फुटांवर बसवायची, म्हणजे खाली मोकळं फिरता येतं. खर्च वाढतो, कारण वाऱ्याचा जोर सोसायला लोखंड जास्त लागतं आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्यावी लागते. आम्ही दोन्ही स्वीकारलं. गच्चीचा पूर्वेकडचा पट्टा पूर्ण उघडा ठेवायचा, तो वाळवणाचा. वरच्या मजल्यावरच्या काकांसाठी ठरावातच लिहिलं की स्लॅबला एकही छिद्र पडणार नाही. सांगाडा उभा राहील तो काँक्रीटच्या चौथऱ्यांवर, आणि आधी वॉटरप्रूफिंग तपासून घेतलं जाईल. दुसऱ्या सभेत ठराव मंजूर झाला, आणि सूचक म्हणून नाव त्याच काकांचं आहे.

डिसेंबरमध्ये जागेची पाहणी झाली. हा महिना आम्ही मुद्दाम निवडला. उन्हाळ्यात पुण्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाशीच पडते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारी बारालासुद्धा टाकीची सावली जवळपास टाकीच्या उंचीइतकी लांब उत्तरेला पसरते. सोसायटीतली मुलं खडू घेऊन बसली. सकाळी नऊला, बाराला, तीनला पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या मशीनरूमची सावली जिथे संपत होती तिथे त्यांनी फरशीवर रेघा ओढल्या. संध्याकाळी ती गच्ची एखाद्या मोठ्या नकाशासारखी दिसत होती. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा धरतात. खडूच्या रेघांबाहेर आम्हाला पुरेशी जागा मिळाली. सावलीबद्दल इतकं कडक का, तर पॅनेल साखळीने जोडलेली असतात. एकावर सावली आली तरी त्या साखळीतली वीज घटते.

आता कागद. सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर होतं. इतकी वर्षं बिल येत होतं आणि आपण भरत होतो, वरचं नाव कुणी पाहिलंच नव्हतं. अर्ज सोसायटीच्या नावाने आणि अनुदान सोसायटीच्या बँक खात्यात यायचं तर मीटरही सोसायटीच्याच नावावर हवं. आधी नावबदल केला. नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, हे सगळं त्यात लागलं. दुसरी गोष्ट मंजूर भाराची, म्हणजे वीज कंपनीने त्या मीटरला जास्तीत जास्त किती भार मंजूर केलाय त्याची. महाराष्ट्रात संयंत्राची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि आमचा भार 15 किलोवॉटच होता. तो 20 करून घेतला. भार वाढला की बिलातला स्थिर आकारही, म्हणजे वापर कितीही असला तरी भरावी लागणारी रक्कमही, वाढू शकतो, तो हिशोबात धरूनच पुढे जावं. मी तो धरला होता, तरी 20 किलोवॉट फायद्याचंच ठरत होतं.

दरपत्रकं मागवली तेव्हा एक फारच स्वस्त आलं. चौकशी केली तर पॅनेल आयात केलेल्या सेलची निघाली. अनुदान हवं असेल तर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली लागतात, त्यांना सगळे डीसीआर पॅनेल म्हणतात. "अनुदानाचं आम्ही बघून घेतो, मॅडम," असं त्या विक्रेत्याने सांगितलं. आम्ही नम्रपणे नको म्हटलं. ज्याला काम दिलं त्याच्याकडून प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, डीसीआर प्रमाणपत्र आणि पाच वर्षं देखभालीचा करार लेखी घेतला. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेलाच विक्रेता घ्यावा लागतो, ती यादी तिथेच दिसते. एकूण खर्च उंच सांगाड्यासह 13 लाखांच्या आसपास गेला. सिंकिंग फंडाला हात लावला नाही. काही मुदत ठेव मोडली आणि उरलेल्या रकमेसाठी सभासदांकडून वर्गणी घेतली.

काम सुरू झालं की मग सगळं भराभर होतं. 540 वॉटची 37 पॅनेल, म्हणजे 20 किलोवॉटला किंचित कमी. दक्षिणेकडे तोंड आणि पुण्याच्या अक्षांशाला साजेसा कल. खाली तीन अर्थिंगचे खड्डे खणले: एक पॅनेलच्या बाजूचा, एक इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज आपल्या वापराच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या) बाजूचा आणि एक वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. त्या तिसऱ्या खड्ड्यावर पैसे वाचवू नका.

वीज कंपनीची तपासणी झाली, जुनं मीटर निघालं आणि दोन्ही बाजूंची वीज मोजणारं नेट मीटर लागलं. सोबत संयंत्रात किती वीज तयार झाली ते मोजणारं वेगळं मीटर असतं. हिशोब असा चालतो: दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते, रात्री आपण ग्रिडमधून घेतो, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात. आर्थिक वर्ष संपलं की मार्चअखेर शिल्लक युनिटांचे पैसे मिळतात, पण ते आपण वीज विकत घेतो त्या दराने नाहीत, त्याहून कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठं संयंत्र बसवण्यात अर्थ नाही. संयंत्र सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर चढला, बँकेचे तपशील आणि रद्द केलेला धनादेश दिला आणि साडेतीन लाखांहून थोडी जास्त रक्कम सोसायटीच्या खात्यात जमा झाली. वर्गणी भरलेल्यांना त्यातला वाटा मेंटेनन्समध्ये वळता केला.

पहिल्यांदा वीज गेली तेव्हा माझा फोन वाजत राहिला. "ऊन आहे, पॅनेल आहेत, मग लिफ्ट का बंद?" ग्रिडची वीज गेली की असं संयंत्र आपोआप थांबतं. तसं नसतं तर आपली वीज तारांमध्ये जाऊन खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतली असती. बॅटरी लावली तर वेगळं, पण तिचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. हे ठरावाच्या आधीच सगळ्यांना सांगायला हवं असं मी आता इतर सोसायट्यांना सांगते.

पंपाच्या वेळा मात्र आम्ही बदलल्या. पूर्वी वॉचमन पहाटे टाक्या भरायचे, आता दहानंतर भरतात. पॅनेल धुण्याची जबाबदारी गच्चीचा आग्रह धरणाऱ्या काकूंनीच मागून घेतली. सकाळी लवकर, काच थंड असताना, महापालिकेच्या पाण्याने. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघता निघत नाहीत. त्यांच्या वहीत रोजच्या युनिटांची नोंद असते. त्यावरून कळलं की मे महिन्यातल्या कडक उन्हापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधल्या स्वच्छ दिवसांत आकडे जास्त चांगले येतात. पॅनेल फार तापली की त्यांची क्षमता घटते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे आकडा खूपच खाली येतो. वर्षाची सरासरी धरूनच बोलावं, एका महिन्यावरून नाही.

पार्किंगमधल्या वायरींचा प्रश्नही याच ओघात सोडवला. ज्यांना चार्जिंग हवं त्यांच्या स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून केबल नेली आणि प्रत्येकाला एमसीबी व ईएलसीबीसह (भार वाढला किंवा वीज गळली तर आपोआप बंद होणाऱ्या स्विचसह) 15 अँपिअरचा सॉकेट दिला. मीटररूमपासून लांब, मोकळ्या हवेच्या बाजूला. पाहुण्यांसाठी आणि ज्यांचं पार्किंग मीटररूमपासून फार दूर आहे त्यांच्यासाठी एक सामाईक पॉइंट केला, त्याला सबमीटर आहे. स्कूटर पूर्ण चार्ज व्हायला तीन-चार युनिट लागतात, ते तेवढेच त्यांच्या नावावर पडतात. खिडकीतून लोंबणारी एकही वायर आता उरलेली नाही. डिलिव्हरीचं काम करणारा आमच्या भाडेकरूंपैकी एक मुलगा दुपारी जेवायला येतो तेव्हा त्या सामाईक पॉइंटवर गाडी लावतो. त्याच वेळी वर संयंत्र जोरात चालू असतं, त्यामुळे ग्रिडकडून फारसं काही घ्यावं लागत नाही.

मागच्या बाजूच्या पार्किंगला अजून केबल पोहोचलेली नाही. तिथे चार कार येऊ घातल्या आहेत आणि एकेक कार घरच्या चार्जरवर 3.3 किलोवॉट घेते. इतका भार जुन्या मुख्य केबलला पेलेल का हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर तपासत आहेत. त्यांचा अहवाल आला की तो येत्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे.