राजापूरच्या किनाऱ्यावरून रत्नागिरीच्या ओपीडीपर्यंत

आधी नंबर देतो, कारण ज्याला आत्ता गरज आहे त्याला प्रवासवर्णन वाचायची सवड नसणार. १४४१६. हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. कुणी काही विषारी घेतलं असेल, स्वतःला इजा केली असेल, तर फोनवर बोलत बसू नका. १०८ ची गाडी बोलवा, नाहीतर ११२ फिरवा.

आता आमची गोष्ट. माझा मामेभाऊ, चाळिशीच्या आतला. मुंबईतली नोकरी गेली आणि गावी परत आला. गाव राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या बाजूला, समुद्राला लागून. चाकरमानी गणपतीला आला तर सगळ्यांना आनंद, पण कायमचा परत आला की वाडीत कुजबुज सुरू होते, आणि त्याला ती ऐकू येत असते. मामीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "धड जेवलान नाही कित्येक दिवस. रात्रभर पडवीत बसून असतो. तू ये बाबा एकदा."

रात्रीच्या गाडीने राजापूर रोडला उतरलो. नवख्यांनी लक्षात ठेवावं, राजापूर रोड स्टेशन राजापुरात नाही, चांगलंच लांब आहे. तिथून किनाऱ्याकडे जायला वेळेवर एसटी मिळेलच असं नाही, म्हणून रिक्षावाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. रत्नागिरीत उतरून पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे असं किनाऱ्याकिनाऱ्याने यायचं हाही पर्याय आहे. रस्ता वळणांचा, पण वाहनं मिळतात.

घरी पोचलो तर देवाला कौल लावून झाला होता. काहीतरी बाहेरचं आहे, राखण, म्हणजे राखणदार देवाचा मान, द्यायची राहिली आहे, असं ठरलं होतं. अशा वेळी शहरातून आलेल्याने "अंधश्रद्धा" म्हणून भाषण ठोकलं तर घरातलं माणूस तोंड मिटून घेतं आणि डॉक्टर आणखी महिनाभर लांब जातो. मी गुरवांना भेटलो. राखण द्या, गाऱ्हाणं घाला, पण सोबत डॉक्टरलाही दाखवतो, चालेल ना, असं विचारलं. त्यांनी हरकत नाही म्हटलं आणि मामीचा विरोध तिथेच निम्मा झाला. तुमच्या गावात ज्याचा शब्द चालतो, मानकरी असो, मौलवी असो, शाळेतले जुने गुरुजी असोत, त्याला आधी गाठा. त्यात गेलेला अर्धा दिवस वाया जात नाही.

संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेलो, कारण घरात रेंज येत नाही. भाऊ दगडावर बसला. मी १४४१६ लावला, भाषा मराठी निवडली आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंनी आधी मी कोण, पेशंटचा कोण, ते विचारलं आणि मग फोन त्याच्याकडे द्यायला सांगितलं. झोप, जेवण, नोकरी, दारू यांची चौकशी झाली. मग त्याच सुरात त्यांनी विचारलं, "मरून जावं असं वाटतं का कधी?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हो. वाटतं."

घरात कित्येक आठवडे सगळे त्याला जेवलास का, झोपलास का एवढंच विचारत होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू अशी भीती. तसं होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा प्रश्न सरळ विचारतात, आणि घरच्यांनीही सरळ, शांतपणे विचारावा. माणसाला त्याने हलकं वाटतं. निदान आमच्या भावाला वाटलं, परतीच्या वाटेवर तो पहिल्यांदा आपणहून बोलला. विषय होता आंब्याचा मोहोर.

बाईंनी पुढे विचारलं की मनात काही ठरवलं आहे का, हाताशी काही आहे का. मला लगेच पडवीतले फवारणीचे डबे आठवले. कोकणात बागायतदाराच्या घरी हे असतातच, कोपऱ्यात, पोत्याखाली. त्या रात्रीच ते शेजारच्या काकांच्या गोदामात कुलपात गेले आणि चावी काकांकडेच राहिली. मी अंथरूण पडवीत टाकलं. या दोन गोष्टी कुठल्याही डॉक्टरच्या आधी करायच्या: हाताशी असलेलं लांब न्यायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

आता जायचं कुठे? कोकणात सरकारी दारं बरीच आहेत, पण त्यांची पाटी दिसत नाही. गावच्या आशाताईंना विचारलं तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव सांगतात, आणि तिथला डॉक्टर साध्या नैराश्यावर, झोपेच्या तक्रारीवर उपचार सुरू करू शकतो किंवा चिठ्ठी देऊ शकतो. त्याच्या वर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्ह्यांसाठीचा भाग १९९६ पासूनचा. त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशी टीम असते, आणि ही टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ओपीडी घेते. तो दिवस कुठला, हे जिल्हा रुग्णालयात फोन करून विचारायचं. साधी उदासी असती तर आम्हीही त्या दिवसाची वाट पाहिली असती. पण सड्यावरच्या त्या "हो" नंतर थांबण्यात अर्थ नव्हता. सकाळच्या एसटीने रत्नागिरी.

मामी सोबत आली, ते बरं झालं. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. महिन्या महिन्याला जायचं असेल तर हा हिशेब लहान नाही. शिवाय घरात काय घडतं ते मामीलाच ठाऊक, मला नव्हे. पेशंटबरोबर त्याच्या घरात राहणारं माणूस हवंच.

भाट्याचा पूल ओलांडून गावात शिरताना मी मामीला सांगितलं की आपण प्रादेशिक मनोरुग्णालयात जातोय. ती रडायलाच लागली. आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की "याला रत्नागिरीला न्या" म्हणतात, आणि आपण खरंच नेतोय! तिच्या डोळ्यांसमोर साखळ्या आणि बंद खोल्या. तिला समजावलं की भरती करायला नाही, दाखवायला चाललोय, ओपीडी आहे, संध्याकाळी घरी. साखळीने बांधणं तर कायद्यानेच बंद आहे.

रुग्णालय जुनं आहे, १८८६ सालचं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैदी म्हणून रत्नागिरीत आला तेही त्याच वर्षी. त्याचा राजवाडा बघायला सहली येतात. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि हे. त्यांत ३६५ खाटांचं रत्नागिरीचं सगळ्यात लहान. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही.

ओपीडी सकाळची असते, म्हणून पहिली एसटी पकडा. केसपेपरला आधार कार्ड लागतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडे पैसे भरावे लागू शकतात. सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये सगळ्यात उपयोगी पडला तो एक कागद. त्यावर मी आदल्या रात्री लिहिलं होतं: झोप कधीपासून गेली, जेवण कधीपासून कमी, दारू किती, याआधी कुठली गोळी घेतली, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं. शेवटच्या प्रश्नावर मामीने, इतकी वर्षं घरात न उच्चारलेलं, आजोबांच्या भावाचं नाव घेतलं.

थायरॉईड, साखर, बी-१२ अशा तपासण्या लिहून दिल्या, कारण त्यांच्या गडबडीनेही माणूस असा मलूल होतो. मग गोळ्या. डॉक्टरांनी बजावलेली गोष्ट इथे ठळक सांगतो: नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकं जड होणं हा त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. म्हणजे आधी तोटा दिसतो आणि फायदा नंतर. गोळी सोडली जाते ती याच फटीत. गोळ्या मामीकडे ठेवायच्या, रोजची रोज द्यायची, मध्येच बंद करायची नाही. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारूनच कमी करायची.

भरतीची वेळ आलीच तर काय, तेही विचारून घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे माणूस स्वतःच्या सहीने भरती होऊ शकतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीस दिवस. हा प्रतिनिधी पेशंटला शुद्धीत असताना स्वतः साध्या कागदावर नेमता येतो. आमच्या भावाने मामीचं नाव लिहून दिलं. याच कायद्याच्या ११५ व्या कलमात आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. हे खेड्यात माहीतच नाही. पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात खोटं सांगतात, "चुकून पडला", "चुकून प्याला". काय घेतलं आणि किती, ते डॉक्टरला खरं सांगा. शक्य असेल तर डबाच सोबत न्या.

रत्नागिरीला पोचणं अवघड नाही. एकदा घाबरले की घरचे जातातच. अवघड आहे तो दुसरा महिना, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. गोळ्या संपतात, पाऊस असतो, भातलावणी असते, एसटी चुकते, पेशंट म्हणतो आता बरं आहे. मोफत मिळालेल्या गोळ्या संपल्यावर आम्ही तालुक्याच्या गावी एका मेडिकलवाल्याकडे गेलो. तो चिठ्ठी उलटीसुलटी बघून चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "ही वेड्याची गोळी आम्ही ठेवत नाही." भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. त्या एका वाक्याने सगळं मुसळ केरात गेलं असतं.

म्हणून पहिल्या भेटीतच, केसपेपर हातात असताना, हे विचारून घ्या: पुढच्या गोळ्या आमच्या तालुक्यात कुठे मिळतील आणि टीम तिथे कधी येते. चिठ्ठीचा आणि तपासण्यांचा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. आशाताईंना विश्वासात घ्या, पेशंटची परवानगी घेऊन. आमच्याकडे त्या वाडीत येतात तेव्हा सहज म्हणून मामीकडे चहाला टेकतात आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या बघून जातात. कुणाला काही कळत नाही. मधल्या दिवसांत त्रास झाला तर पुन्हा १४४१६ आहेच, तो एकदाच लावायचा नंबर नाही.

बाकी किनाऱ्यावरच्यांसाठी थोडक्यात. विजयदुर्गच्या खाडीपलीकडे, देवगड-मालवणवाल्यांनी रत्नागिरीकडे यायचं कारण नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिंधुदुर्ग स्टेशनही तिथेच जवळ. रायगडवाल्यांना अलिबागचं जिल्हा रुग्णालय, आणि मोठ्या गरजेला ठाण्याचं मनोरुग्णालय. मंडणगड-दापोलीकडच्यांनी आधी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, रत्नागिरी त्यांना दिवसभराचं काम आहे. म्हातारी माणसं एकटी राहतात त्यांच्यासाठी १४५६७, बाईला घरात मारहाण असेल तर १८१, पोरांसाठी १०९८.

आणि सणांचं गणित. गणपतीत आणि शिमग्यात एसटीत पाय ठेवायला जागा नसते, सुट्टीच्या दिवशी ओपीडी बंद, आणि घरात पाहुणे, दारू, जागरण सगळं एकदम. गोळ्या सणाच्या आठवडाभर आधी आणून ठेवा. मुंबईहून कुणी येणार असेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवून त्यालाच आणायला सांगा, पण चिठ्ठीची तारीख आणि मुदत बघून. गोळी चालू असताना दारू चालत नाही, हे येणाऱ्या मित्रमंडळींना घरातल्या मोठ्या माणसाने आधीच सांगून टाकावं. पेशंटला ते दरवेळी स्वतः सांगायला लावू नये.