शेअर्ड फोल्डर गायब, तिकीट मात्र क्लोज

मेल सर्व्हर बदलून झाला, सगळं सुरळीत चालू आहे, तरी शेअर्ड फोल्डर दिसत नाहीत या तिकिटावर (नोंदवलेल्या तक्रारीवर) हलवाहलवी करणाऱ्या कंपनीने दिलेलं ‘युजरच्या बाजूचा इश्यू आहे, अकाउंट काढून पुन्हा अ‍ॅड करा’ हे उत्तर आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. हेच काम कोणाच्या गळ्यात पडणार असेल तर निदान त्याचा वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

जुना सर्व्हर सायरसचा, नवा डव्हकॉटचा (दोन्ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर). हलवाहलवीचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं. लोकांचे स्वतःचे मेलबॉक्स आयमॅपसिंक या मेल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने नीट आले, डीएनएस (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ती नोंद) बदललं, मोबाईलवर मेल सुरू झाले. अडलं ते शेअर्ड फोल्डरपाशी. हिशेब, खरेदी, चौकशी अशी आमची काही सामाईक खाती आहेत, त्यांचे फोल्डर अनेक जण मिळून वापरतात. नव्या सर्व्हरवर ते कोणालाच दिसेनात. फोल्डर रिकामे आले असते तर गोष्ट वेगळी. इथे डावीकडच्या यादीतून ‘शेअर्ड’ हे शीर्षकसुद्धा नाहीसं झालेलं.

पहिला संशय सबस्क्रिप्शनचा (कोणते फोल्डर यादीत हवेत याची ज्याची त्याची निवड) आणि तो रास्तच होता. थंडरबर्ड (मेल क्लायंट, म्हणजे मेल वाचायचा प्रोग्रॅम) मुळात सबस्क्राइब केलेलेच फोल्डर दाखवतं. जुन्या सर्व्हरवर या फोल्डरांची नावं ‘अदर युजर्स’ने सुरू व्हायची, नव्यावर ‘शेअर्ड’ने, म्हणजे जुनी सबस्क्रिप्शन्स आपोआप बाद. हे आधी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे मात्र सबस्क्राइबच्या खिडकीतही ते फोल्डर नव्हते, त्यामुळे टिकमार्क करायचा तरी कशावर?

दुसरा संशय परवानगीचा. तिकीट टाकलं. उत्तरात एसीएल फाइलचा, म्हणजे कोणाला कोणते हक्क त्या यादीचा, स्क्रीनशॉट आला: युजरचं नाव आणि पुढे एल, आर, डब्ल्यू, एस, टी, ई अशी अक्षरं. एल म्हणजे फोल्डर यादीत दिसण्याचा हक्क, आर वाचण्याचा, एस वाचल्याची खूण कायम ठेवण्याचा, डब्ल्यू बाकीच्या खुणांचा, टी डिलीटची खूण करण्याचा आणि ई कायमचं काढून टाकण्याचा. सगळं बरोबर. ‘परवानगी दिलेली आहे, आमच्या बाजूने ओके’, तिकीट बंद. मी पुन्हा उघडलं. अकाउंट री-अ‍ॅड करा. केलं. काही फरक नाही. पुन्हा उघडलं, तर माणूस बदललेला आणि सल्ला तोच.

शेवटी मी मेल क्लायंट बाजूला ठेवला, ओपनएसएसएल या प्रोग्रॅमने थेट सर्व्हरच्या 993 पोर्टला (सुरक्षित आयमॅपचं दार) जोडून घेतलं आणि आयमॅपच्या (क्लायंट सर्व्हरशी ज्या भाषेत बोलतो तिच्या) आज्ञा हाताने टाइप केल्या. माझ्या मते अशा भानगडीत हीच पहिली पायरी असावी, कारण क्लायंट स्वतःची कॅश (आधी साठवलेली माहिती) आणि स्वतःची समजूत मध्ये आणतो. फोल्डरचं पूर्ण नाव देऊन मायराइट्स (माझे हक्क कोणते) विचारलं, सगळे हक्क आले. सिलेक्ट केलं, फोल्डर उघडला, मेलचा आकडाही आला. मग लिस्ट (फोल्डरांची यादी मागणारी आज्ञा) दिलं, तर माझे स्वतःचे फोल्डर सोडून काही नाही.

म्हणजे फोल्डर उघडता येतो, परवानगी आहे, फक्त सर्व्हर तो यादीत सांगत नाही. इथून पुढे शोध सरळ झाला. डव्हकॉटमध्ये परवानगी त्या-त्या फोल्डरच्या एसीएल फाइलमध्ये असते. पण ‘अमक्याने तमक्याला काहीतरी शेअर केलंय’ याची नोंद वेगळ्या एका डिक्शनरीत ठेवावी लागते, सेटिंगचं नाव एसीएल शेअर्ड डिक्ट. लिस्ट विचारल्यावर सर्व्हर प्रत्येकाचा मेलबॉक्स धुंडाळत बसत नाही, तो या डिक्शनरीत बघतो. तिथे नोंद नसेल तर फोल्डर यादीत येत नाही, पूर्ण नाव देऊन मात्र उघडतो. आणि आमच्या शेअर्ड नेमस्पेसला (‘शेअर्ड’ने सुरू होणाऱ्या फोल्डरांच्या गटाला) ‘लिस्ट चिल्ड्रन’ (आत काही असेल तरच दाखव) लावलेलं, त्यामुळे आत दाखवण्यासारखं काही नाही म्हटल्यावर शीर्षकही गुल.

डिक्शनरी कोरी का, तर कंपनीने स्क्रिप्टने एसीएल फाइली थेट डिस्कवर लिहून टाकल्या होत्या. आयमॅपच्या सेटएसीएलने किंवा डव्हअ‍ॅडमच्या (डव्हकॉट सांभाळायच्या साधनाच्या) एसीएल सेटने हक्क दिले असते तर नोंद आपोआप झाली असती. फाइल परस्पर लिहिली की सर्व्हरला ती दिसते, डिक्शनरीला तिचा पत्ता नसतो.

उपाय एका ओळीचा आहे: डव्हअ‍ॅडम एसीएल रीकॅल्क. ही आज्ञा एसीएल फाइली बघून डिक्शनरीतल्या नोंदी नव्याने करते. मी तिकिटात तेवढंच लिहिलं. उत्तर आलं, ‘चालवून बघितलं, फरक नाही.’ मला क्षणभर वाटलं, गेलं सगळं मुसळ केरात. लॉग मागवला. त्यांनी ती आज्ञा ज्याला फोल्डर दिसत नव्हता त्याच्या नावाने चालवलेली! ती चालवायची फोल्डरच्या मालकाच्या नावाने, म्हणजे हिशेब खात्याच्या, खरेदी खात्याच्या. कारण नोंद करायची असते ती मालकाने काय शेअर केलंय त्याची. हे ठळक अक्षरांत लिहून पाठवलं आणि थोड्याच वेळात लोकांचे फोन यायला लागले की फोल्डर आले. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता. तिकिटावर क्लोजरचं कारण काय लिहिलं ते मी वाचलं नाही, तब्येतीला बरं.

अशा वेळी डव्हअ‍ॅडम एसीएल डीबग ही आज्ञाही हाताशी ठेवा. ही मात्र तक्रार करणाऱ्याच्या नावाने चालवायची. हक्क कुठले आहेत आणि फोल्डर लिस्टमध्ये दिसतो की नाही, दोन्ही ती सांगते. डव्हकॉट 2.4 मध्ये बऱ्याच सेटिंगांची नावं बदलली आहेत, त्यामुळे जुन्या नोंदी जशाच्या तशा चिकटवू नका.

हो, आणि एक आधी सांगायला हवं होतं: आयमॅपसिंक मुळात परवानग्या हलवत नाही. त्यासाठी सिंकएसीएल्स हा पर्याय द्यावा लागतो, आणि त्याच्याच मदतपानावर सावध राहा म्हणून लिहिलेलं आहे. शिवाय जुन्या सर्व्हरवर शेअर्ड फोल्डर प्रत्येकाच्या यादीत दिसत असतात, म्हणून वगळायला सांगितलं नाही तर आयमॅपसिंक त्यांची एकेक प्रत प्रत्येकाच्या खाजगी मेलबॉक्समध्ये ओततो. ट्रायल रनमध्ये काही लोकांचा कोटा (मेलबॉक्सच्या जागेची मर्यादा) अचानक भरला तेव्हा हे कळलं. एक्सक्लूडमध्ये (वगळायच्या फोल्डरांच्या पर्यायात) तो अख्खा नेमस्पेस घाला.

जुना सर्व्हर बंद होण्याआधी प्रत्येक शेअर्ड फोल्डरचं गेटएसीएल (कोणाला कोणते हक्क हे सांगणारी आज्ञा) काढून ठेवा. मात्र अक्षरं डोळे मिटून उचलू नका. 1997 च्या आरएफसी 2086 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) डिलीटसाठी एकच डी होतं. 2005 च्या आरएफसी 4314 ने त्याचे टी, ई आणि एक्स (फोल्डरच काढून टाकण्याचा हक्क) असे तुकडे केले. त्यापेक्षा कोणाला काय करता आलं पाहिजे ते साध्या मराठीत लिहून काढा आणि त्यावरून नवे हक्क द्या. हक्क ग्रुपला दिलेले असतील तर नव्या सर्व्हरचा युजर डेटाबेस एसीएल ग्रुप्स (युजर कोणकोणत्या ग्रुपांत आहे) हे फील्ड परत देतोय का ते तपासा, नाहीतर ग्रुपची ओळ फाइलमध्ये नुसती बसून राहते.

आणि ‘वाचलं’ची खूण. सायरसवर ती मुळात ज्याची त्याची वेगळी असते. डव्हकॉटवर शेअर्ड फोल्डरात एकाने मेल उघडला की सगळ्यांसाठी तो वाचलेला होतो, नेमस्पेसच्या लोकेशनमध्ये इंडेक्सपीव्हीटी (ज्याच्या त्याच्या खुणा वेगळ्या ठेवण्याची सोय) दिलेलं नसेल तर. आमच्याकडे एक बिल यातच राहून गेलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल. काही टीमना मात्र सामाईक खूणच हवी असते, कारण ती त्यांना ‘हे कोणीतरी हातात घेतलंय’ असं सांगते. त्यामुळे सेटिंग ठरवण्याआधी तो फोल्डर रोज वापरणाऱ्यांना विचारा.