बिल प्रिंटर, लिबयूएसबी आणि अर्धीच छापलेली पावती

जळगावच्या सराफ पेढीवर किंवा रावेर-सावद्याकडच्या केळीच्या काट्यावर टेबलाशी दोन वस्तू हमखास असतात: इलेक्ट्रॉनिक काटा आणि थर्मल प्रिंटर. दोन्ही यूएसबीला लागतात, पण लिनक्सवर दोघांचा रस्ता वेगळा आहे.

काट्याच्या केबलमध्ये बहुतेक वेळा सीएच३४० किंवा पीएल२३०३ ही सीरियल चिप असते. तिच्यासाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हर आहे, टीटीवाययूएसबी० ही डिव्हाइस फाइल आपोआप तयार होते. युजरला डायलआउट (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये टाका, बॉड रेट (डेटाचा वेग) जुळवा, आणि वाचा. इथे लिबयूएसबी (प्रोग्राममधून थेट यूएसबी उपकरणाशी बोलणारी लायब्ररी) वापरणं म्हणजे चिपचा बॉड रेट वगैरे सगळं हाताने लावत बसणं. दोन सारखे काटे असतील तर ०, १ या क्रमांकांवर विसंबू नका, /डेव्ह/सीरियल/बाय-पाथ खालचं नाव घ्या. ते पोर्टाला बांधलेलं असतं.

प्रिंटरला मात्र लिबयूएसबी कामाला येते. एलएसयूएसबी ही कमांड चालवून व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी टिपून घ्या, मग -व्ही लावून एंडपॉइंट (डेटा जाण्या-येण्याचे मार्ग) पाहा. पत्त्याचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर तो इन (प्रिंटरकडून संगणकाकडे), नसेल तर आउट. आपल्याला दोन्ही बल्क एंडपॉइंट लागतील.

उघडतानाच लिबयूएसबीचा एरर -३ आला तर परवानगी नाही. प्रोग्राम रूटने चालवणं हा उपाय नव्हे. यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या लावणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) एक नियम लिहा: सबसिस्टम यूएसबी, व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, मोड ०६६०, आणि तुमचा ग्रुप. ग्रुपऐवजी यूॲक्सेस टॅग (मशीनसमोर लॉगिन असलेल्या युजरला परवानगी देणारा) लावणार असाल तर फाइलच्या नावातला आकडा ७३ च्या आत ठेवा, नाहीतर टॅग लागतो पण परिणाम शून्य. नियम रीलोड करून केबल काढून परत लावा.

क्लेम करताना, म्हणजे प्रिंटरचा इंटरफेस आपल्या प्रोग्रामच्या ताब्यात घेताना, -६ आला तर तो दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलाय, बहुधा कर्नलच्या यूएसबीएलपी ड्रायव्हरने. लिबयूएसबीचं ऑटो-डिटॅच चालू करा, म्हणजे तो ड्रायव्हर बाजूला होतो. काम झाल्यावर रिलीज केलं की ड्रायव्हर आपोआप परत जोडला जातो.

आता मराठी. स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतोच, आणि असला तरी जोडाक्षरं नीट येतील याची खात्री नाही. पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने ओळ चित्रात काढा आणि चित्रच पाठवा. ८० मिमीच्या प्रिंटरवर सहसा ५७६ ठिपके बसतात, म्हणजे ओळीला ७२ बाइट. कमांडचे बाइट असे: आधी २७, ६४ (रीसेट), मग २९, ११८, ४८, ०, ७२, ० (चित्र छापा, रुंदी ७२ बाइट), त्यानंतर उंचीचे दोन बाइट, धाकटा आधी, आणि मग चित्र. ‘ज्ञानेश्वर’ स्वच्छ उमटतो. अख्खी पावती एका दमात न पाठवता पट्ट्या करून पाठवा, प्रिंटरचा बफर लहान असतो.

सगळ्यात जास्त घोळ -७, म्हणजे टाइमआउटने होतो. रोल संपला की प्रिंटर डेटा घेणं थांबवतो आणि बल्क ट्रान्सफर अडकतो. टाइमआउट ० दिला असेल तर प्रोग्राम कायमचा लटकतो, म्हणून २-३ हजार मिलिसेकंद द्या. टाइमआउट आला म्हणजे काहीच गेलं नाही असं समजू नका! ट्रान्सफर्डमधला (किती बाइट गेले ते सांगणारा) आकडा बघा आणि तिथून पुढचेच बाइट पाठवा. पूर्ण बफर पुन्हा ढकलला तर चित्राच्या मध्येच नवा कमांड घुसतो, आणि कागदावर काळे पट्टे किंवा कचरा अक्षरं येतात. गिऱ्हाइकाच्या हातात तशी पावती जाता कामा नये.

म्हणून छापण्याआधीच विचारा: १६, ४, ४ पाठवा आणि इन एंडपॉइंटवरून एक बाइट वाचा. १८ आला तर कागद आहे. त्यात ९६ चे दोन बिट लागलेले असतील तर संपलाय. वाचताना बफर १ बाइटचा ठेवू नका, एंडपॉइंटच्या पॅकेट साइजएवढा ठेवा (फुल स्पीडला ६४, हाय स्पीडला ५१२), नाहीतर ओव्हरफ्लोचा -८ येऊ शकतो.

आणि वीज. लाइट गेली-आली की प्रिंटर नव्या डिव्हाइस नंबरने येतो, जुन्या हँडलवर (आधी उघडलेल्या जोडणीवर) -४, म्हणजे ‘उपकरण नाही’, मिळतो. हँडल बंद करा, आयडीने परत शोधा, पुन्हा क्लेम करा. बस आणि डिव्हाइस नंबर कुठेही सेव्ह करून ठेवू नका. आणि ही पावती मध्येच तुटलेली असल्यामुळे ती मात्र पहिल्या बाइटपासून छापायची, कारण प्रिंटरच्या बफरमधलं सगळं विजेबरोबर गेलेलं असतं.